आधी डावी फळी

दार दोन फळ्यांचं होतं. डावी थोरल्याची आणि उजवी धाकट्याची. वडिलांनी घर वाटून देताना खालचा मजला थोरल्याला दिला, वरचा धाकट्याला, आणि रस्त्याच्या अंगाला असलेल्या गॅरेजात मधोमध खडूची रेघ ओढून ते दोघांना निम्मं निम्मं दिलं. रेघ पुसून गेली, वाटणी राहिली. दोघांच्या गाड्या आत अगदी खेटून उभ्या असत. दोघा भावांपेक्षा त्यांचं बरं होतं म्हणायचं.

दार मात्र वाटून घेता आलं नव्हतं. डाव्या फळीच्या कडेला, फट झाकायला म्हणून, वरपासून खालपर्यंत एक लाकडी पट्टी ठोकलेली होती आणि ती उजव्या फळीवर चढायची. त्यामुळे आधी डावी उघडल्याशिवाय उजवी हलत नसे. दोन फळ्यांच्या कुठल्याही दाराचं असंच असतं, त्यात सुताराने काही तत्त्वज्ञान भरलेलं नसतं. ते थोरल्याने भरलं. डाव्या फळीला कुलूप होतं, कुलपाची किल्ली थोरल्याकडे होती, आणि रोज सकाळी धाकट्याला दुकानात जायचं असलं की तो जिना उतरून थोरल्याच्या दारावर दोन टिचक्या मारायचा.

"दादा, दार."

"आलो."

या 'आलो'त किती वेळ मावेल ते त्या दिवशीच्या हवेवर, वर्तमानपत्रावर आणि थोरल्याच्या पोटावर अवलंबून असे. थोरला आधी दाढी पुरी करायचा. मग इस्त्रीचा शर्ट. गॅरेजचं दार उघडायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं बायकोने एकदा विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "चार लोक बघतात." समोरच्या भिंतीवर एक मांजर बसत असे, ते बघायचं. मग खिळ्यावरची किल्ली काढून तो बाहेर यायचा, कुलूप उघडायचा, डावी फळी ओढून भिंतीला लावायचा आणि बाजूला होऊन उभा राहायचा, एखाद्या पाहुण्याला वाट करून द्यावी तसा. धाकटा उजवी उघडायचा, गाडी बाहेर काढायचा.

"आज लवकर?"

"गिऱ्हाईक यायचंय."

"सावकाश जा."

बस, एवढंच. संध्याकाळी पुन्हा तेवढंच, उलट्या क्रमाने. बाकी दोघांमध्ये बोलायला काही उरलं नव्हतं. भांडण झालेलं नव्हतं. भांडणाला विषय लागतो. थोरला कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेला. त्याच्या शिक्क्याशिवाय कागद पुढच्या टेबलावर जात नसे, आणि शिक्क्याची शाई तो स्वतः भरायचा. निवृत्तीनंतर तिथे कुणाचंही त्याच्यावाचून अडलं नाही. त्यांनी चौकशीलासुद्धा फोन केला नाही. आता या जगात त्याच्यावाचून अडणारा एकच माणूस उरला होता, आणि तो रोज सकाळी दारावर दोन टिचक्या मारायचा. थोरला कधी बोलला नाही, पण त्या टिचक्यांसाठीच तो उठत असे. स्वतःची गाडी तो बॅटरी उतरू नये एवढ्यापुरती महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर काढायचा. पण 'मी घरी नसलो तर बाळ अडकतो' म्हणून त्याने मुलीकडे राहायला जाणं किती वेळा टाळलं होतं. बाळ म्हणजे धाकटा. चष्म्याचं दुकान, टक्कल आणि कॉलेजातला मुलगा असलेला बाळ.

त्या वर्षी एक गोष्ट झाली. धाकट्याच्या सासूबाई आजारी होत्या, दवाखान्यात. त्याच्या बायकोच्या, धाकटीच्या, जिवाला थारा नव्हता. तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला, कधीही निघायला लागेल, तेव्हा एक जादा किल्ली करून घ्या. धाकटा चार दिवस टाळत होता. शेवटी संध्याकाळी गाडी आत घेताना त्याने जमिनीकडे बघत विषय काढला.

"दादा, किल्ली अजून एक असली तर? म्हणजे तुला त्रास नको."

"मला कसला त्रास? मी कधी तक्रार केली?"

"तसं नाही. ही म्हणत होती."

"एका कुलपाला दोन किल्ल्या म्हणजे कुलूप नसल्यासारखंच की. बाबांनी काय ठरवलं होतं?"

धाकटा काहीतरी बोलणार होता. मग गप्प बसला. थोरल्याला वाटलं, निरुत्तर झाला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळेच्या बरंच आधी, टिचक्या वाजल्या. दोन नाही, पुष्कळ.

"दादा, दार. दवाखान्यातून फोन आलाय. लगेच बोलावलंय."

"आलो."

थोरला आरशापुढे होता. एक गाल झाला होता, एक साबणात होता. आता अशा वेळी दुसरं कुणी टॉवेल तोंडावर फिरवून धावलं असतं, हे त्यालाही सुचलं. पण कालची संध्याकाळ घशात अडकलेली होती. किल्ली पाहिजे म्हणे. बघू दे जरा, किल्ली कशाला म्हणतात ते. असं त्याने मनात शब्दांत मांडलं नाही. त्याचा हातच सावकाश चालला, एवढंच. दुसरा गाल झाला. मग मिशीची कड. मग हनुवटीखाली राहिलेला एक खुंट. बाहेर धाकटीचा आवाज येत होता, "अहो, रिक्षा बघा ना," आणि धाकट्याचा, "येतोय तो. आलो म्हणालाय." थोरल्याने शर्टाची बटणं लावली. सगळी.

ते पोचायच्या थोडं आधी सासूबाई गेल्या होत्या. नर्स म्हणाली, आत्ताच, लेकीचं नाव घेत होत्या. नर्सने हे सांगायला नको होतं, असं थोरल्याचं मत पडलं. तिच्या माहेरी भेटायला गेला तेव्हा त्याने धाकटीला समजावलं, की आलेली वेळ कुणाला चुकत नाही आणि दहा-वीस मिनिटांनी काही फरक पडत नसतो. धाकटी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहरा गुळगुळीत होता.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी धाकटा खाली आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, की गॅरेजला विजेवर चालणारं शटर बसवायचं ठरलंय. 'ठरलंय' हा शब्द त्या घरात धाकट्याच्या तोंडी पहिल्यांदाच आला होता.

"कुणी ठरवलं?"

"आम्ही. खर्चाचं तू बघू नकोस."

"दाराला काय झालंय? सागाचं आहे."

"काही झालं नाही. रिमोट दोन येतात. एक तुझा, एक माझा."

थोरल्याने मग पंधरा दिवस शटरविरुद्ध मोहीम चालवली. वीज गेली तर? चोरांनी दुसरा रिमोट केला तर? मांजर खाली सापडलं तर? शेजाऱ्याच्या मेव्हण्याच्या कारखान्यात असंच शटर अर्ध्यावर अडकलं आणि मालक दिवसभर वाकून ये-जा करत होता, हेही त्याने सांगितलं. धाकटा प्रत्येक वेळी "विचारतो शटरवाल्याला," म्हणायचा आणि शटरवाला प्रत्येक गोष्टीवर उत्तर घेऊन बसलेला असायचा. खरी हरकत थोरल्याने बायकोलासुद्धा सांगितली नाही. तिला ती माहीत होती.

"वर जाणारं दार ते," ती निवडलेली भाजी धूत म्हणाली. "त्याला डावं नाही, उजवं नाही. थोरलं-धाकटंही नाही."

"मी काय म्हणतोय आणि तू काय बोलतेस?"

"मी भाजी धुतेय."

शटरवाला यायचा तो दिवस उजाडला. थोरल्याने नेहमीसारखी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिळ्यावरची किल्ली खिशात टाकली आणि चहा न घेताच घराबाहेर पडला. "जरा पाय मोकळे करून येतो." आयुष्यात त्याने कधी पाय मोकळे केले नव्हते.

तो बागेत जाऊन बसला. बागेत त्याच्या वयाची माणसं गोल करून हसण्याचा व्यायाम करत होती. किल्ली खिशात मांडीला टोचत होती. त्याचा हिशेब सोपा होता. दार बंद. आत दोन गाड्या. शटरवाला फळ्या उतरवणार कशा? कुलूप तोडायचं म्हटलं तर धाकटा तोडू देणार नाही, बाबांचं कुलूप. शेवटी शोधाशोध होणार. दादा कुठे गेला? दादाला बोलवा. कुणीतरी बागेपर्यंत येणार. मग तो उठणार, सावकाश चालत जाणार, आणि सगळ्यांसमोर म्हणणार, की एवढं होतं तर आधी सांगायचं. त्यानंतर त्यांनी खुशाल शटर बसवावं. त्याची तयारी होती. पण आधी त्याला बोलवायला यावं.

कुणी आलं नाही. हसणारी माणसं हसून घरी गेली. माळ्याने त्याच्या पायाखालचं गवत कापायला त्याला बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा, शटरवाला वैतागून परत गेला असणार, असं समजून तो घराकडे निघाला.

लांबूनच दिसलं. सागाच्या दोन्ही फळ्या कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या, आणि गॅरेज दात काढलेल्या तोंडासारखं उघडं होतं. शटरवाला शिडीवर चढून वर पेटी बसवत होता. थोरला आधी फळीकडे गेला. कडी शाबूत, कोयंडा शाबूत. कुलूप खाली फरशीवर ठेवलेलं, ओरखडासुद्धा नाही. त्यात किल्ली होती.

त्याने खिसा चाचपला. किल्ली खिशातही होती.

"ही कुठून आणली?" त्याने शिडीकडे बघून विचारलं.

"साहेबांनी दिली," शटरवाला तोंडातला स्क्रू न काढता म्हणाला. "वरच्या साहेबांनी. मी म्हटलं कापून टाकतो, दोन मिनिटांचं काम. ते म्हणाले थांबा. वर गेले, घेऊन आले. जरा गंजलेली होती, तेल लावलं."

धाकटा गॅरेजच्या आत, स्वतःच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. हात काळे झाले होते. थोरला आत गेला. दोघं आता जिथे उभे होते तिथेच कुठेतरी ती खडूची रेघ असणार.

"तू किल्ली करून घेतलीस? मला न विचारता?"

"नाही केली. होती."

"कुठून होती?"

"बाबांनी दिलेली. वाटणी झाली त्याच संध्याकाळी."

थोरला हसला. असं हसणं कचेरीत चुकीच्या टेबलावर आलेल्या माणसासाठी राखलेलं असायचं. "बाबांनी? किल्ली माझ्याकडे दिली होती त्यांनी. सगळ्यांसमोर."

"तुला सगळ्यांसमोर दिली. मला वर बोलावून दिली."

"आणि तू वापरली नाहीस? इतकी वर्षं खाली येऊन टिचक्या मारत राहिलास?"

"वापरू नको म्हणाले होते. म्हणाले, जवळ ठेव, अडीनडीला असू दे. पण रोज त्याला हाक मारत जा."

"का?"

धाकट्याने हातावरचा काळा डाग अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. तो पसरला.

"सांग ना. का म्हणाले?"

"म्हणाले, त्याला कुणी हाक मारत नाही."

वर शटरवाल्याने ड्रिल सुरू केलं. दोघं ते थांबेपर्यंत उभे राहिले. थांबल्यावर थोरल्याला पुढचा प्रश्न सुचला. तो विचारू नये हे त्याला कळत होतं, पण आयुष्यभर कागद कुठे अडकला याचाच तपास केलेला माणूस तो.

"मग त्या दिवशी? दवाखान्यातून फोन आला तेव्हा? ती अडीनडी नव्हती?"

"होती."

"मग?"

"तू आलो म्हणालास," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, येशील."

थोरल्याने मागे वळून बघितलं. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर धाकटी उभी होती. हातात शटरवाल्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता आणि तो द्यायचं ती विसरलेली दिसत होती.

"हिला माहीत होतं?" थोरल्याने हळू आवाजात विचारलं.

"आज कळलं. तू किल्ली घेऊन गेलास ना." धाकट्याचा आवाज तक्रारीचा नव्हता. दुकानात तो गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगायचा तसा होता. "शटरवाला कुलूप कापायला निघाला. बाबांचं कुलूप, मला बघवेना. मी वरून आणून दिली. ही इथेच उभी होती."

धाकटी दोन पायऱ्या उतरली. थोरल्याला वाटलं, आता ही आपल्याला काहीतरी बोलणार, आणि त्यासाठी त्याने चेहरा तयार केला. पण ती त्याच्याशी बोललीच नाही. नवऱ्याशीच बोलली.

"कुठे ठेवली होतीत?"

"कपाटात. जुन्या चष्म्याच्या डबीत."

"आपल्या कपाटात. म्हणजे माझ्या साड्यांच्या खणाखाली."

"हो."

"मी खाली उभी राहून रिक्षा बघा म्हणत होते, तेव्हा ती तिथे होती."

"मला वाटलं, दादा येतोय. दादाला वाईट—"

"हो," धाकटी म्हणाली. "दादांना वाईट वाटलं असतं."

तिने तांब्या शिडीपाशी ठेवला आणि वर गेली. पावलं जिन्यावर एकसारखी वाजली, घाईची नाहीत, रागाची नाहीत. धाकटा बॉनेटवरून उठला आणि शटरवाल्याला विचारायला गेला, अजून किती वेळ लागेल.

शटर दुपारी बसलं. राखाडी रंगाचं, गुळगुळीत. शटरवाल्याने दोघांना समोर उभं करून बटण दाबून दाखवलं: वर, थांब, खाली. दोघा भावांनी आपापला रिमोट घेतला. भंगारवाला सागाच्या फळ्या गाडीवर घालून घेऊन गेला. आधी डावी उचलली, कारण ती जवळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने दाढी केली, शर्ट घातला आणि टिचक्यांच्या वेळेला खुर्चीत बसून राहिला. टिचक्या वाजल्या नाहीत. बाहेर घर्रर्र आवाज झाला, गाडी निघाली, पुन्हा घर्रर्र. झालं. सगळं मिळून, एक गाल होईल एवढ्यात.

"दाढीला आता हवा तेवढा वेळ घ्या," बायको म्हणाली. "घाई कुणालाच नाही."

वरच्या मजल्यावरचे आवाज तिच्याकडून कळायचे. म्हणजे आवाज नसल्याचं कळायचं. धाकटी स्वयंपाक करते, ताट वाढून झाकून ठेवते, समोर बसत नाही. भांडली असती तर बरं, बायको म्हणाली, भांडण खालपर्यंत तरी ऐकू येतं. विचारलं तर धाकटी एवढंच म्हणाली, की या माणसाने दाराशी उभं राहून माझ्या आईपेक्षा भावाचं मन जपलं, आणि ते मन तर आत दाढी करत होतं.

"असं म्हणाली?"

"मी नाही घालत तिच्या तोंडात."

आठवडाभर थोरला हे वाक्य घेऊन घरात फिरला. खिळ्यावर किल्लीची जागा रिकामी होती, तिथे बायकोने रिमोट अडकवला होता. शेवटी एका सकाळी, घर्रर्र वाजून धाकटा दुकानात गेल्यावर, त्याने ठरवलं. वर जायचं. धाकटीला सरळ सांगायचं, की त्याचं काही चुकलं नाही. मला ऐकू आलं होतं. तुमची हाक मला पहिल्या टिचकीला ऐकू आली होती, फोनचंही ऐकलं होतं, आणि मी मुद्दाम सावकाश केलं. त्याच्यावर राग नको. एवढी चार वाक्यं. कचेरीत याहून लांब मसुदे त्याने एका बैठकीत पुरे केले होते. त्याने ती दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितली. शर्ट बदलला. जिना चढला. त्या जिन्यावर तो कित्येक महिन्यांत चढला नव्हता. कठड्याला नवा रंग दिलेला त्याला ठाऊकच नव्हता.

धाकटीने दार उघडलं. 'या' म्हणाली नाही, 'काय' म्हणाली नाही. हातात केर काढायचा झाडू होता. तिच्या मागे टेबलावर एक झाकलेलं ताट दिसत होतं, कालच्या रात्रीचं, तसंच्या तसं.

"ते," थोरला म्हणाला, "मला जरा बोलायचं होतं."

ती थांबली. खरंच थांबली, झाडू भिंतीला टेकवून, दोन्ही हात मोकळे करून. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, दार किलकिलं व्हावं तसं. तिला कळलं होतं तो कशाला आलाय ते. ते वाक्य कुणीतरी येऊन म्हणावं म्हणून ती कदाचित वाटच बघत असेल.

पहिलं वाक्य थोरल्याच्या जिभेवर आलं. मला ऐकू आलं होतं. आणि त्याला दिसलं, की हे एकदा बोललं की आपण या घरात कायमचा ऐकू येऊनही न आलेला माणूस होणार. सध्या नुसती शंका आहे, मग सहीशिक्का होईल.

"त्या शटरचा आवाज फार होतो," तो म्हणाला. "सकाळी. झोपमोड होते."

धाकटी त्याच्याकडे बघत होती. किलकिलं झालेलं पुन्हा बंद झालं.

"सांगते त्यांना," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सांगते म्हणजे, चिठ्ठी ठेवते." आणि तिने झाडू हातात घेतला.

थोरला खाली आला. बायकोने विचारलं, बोललात का? तो म्हणाला, बोललो.

दोन दिवसांत शटरवाला आला. कसलंतरी वंगण घातलं, पट्ट्यांना रबर लावलं, मोटरीचा वेग कमी केला. बटण दाबलं, शटर वर गेलं, खाली आलं. त्याने खालच्या दारात येऊन विचारलं, "बघा साहेब, आता येतो का आवाज?"

"नाही येत," थोरला म्हणाला.

आणि खरंच येत नाही. थोरला रोज दाढी करून, शर्ट घालून खुर्चीत बसतो आणि कान देऊन ऐकतो. धाकटा गेला की आहे, हे त्याला दुपारपर्यंत कळत नाही. पूर्वी बायकोला विचारायचा. आता तिलाही कळत नाही.